आधी लिंक, मग एक्स्टेन्शन : विद्यापीठ ग्रंथपालांना खुले पत्र

मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि राज्यातल्या इतर सर्व विद्यापीठांच्या ग्रंथपालांस,



तुमच्यापैकी काहींच्या टेबलावर एक प्रस्ताव आला असेल, काहींच्या टेबलावर येऊ घातला असेल : 'आपल्या विद्यापीठाचं स्वतःचं ब्राउझर एक्स्टेन्शन'. वाचक गुगलवर असो, ॲमेझॉनवर असो की एखाद्या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर, ग्रंथालयाचं बटण कोपऱ्यात हजर. सादरीकरण देखणं असतं, आणि नॅकची भेट तोंडावर आली असेल तर सहीही लवकर होते. असली एक्स्टेन्शनं लिहिणं आणि एका ब्राउझरवरून दुसऱ्यावर नेणं हे माझं काम आहे. त्यामुळे या कल्पनेला विरोध करणं म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय आणणं. कल्पना चांगलीच आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. या सगळ्या कामात एक्स्टेन्शन हा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत अल्पायुषी भाग असतो. त्याच्या आधी जे व्हायला हवं ते तुमच्या हातात आहे, त्याला मोठी निविदा लागत नाही, आणि ते झालं नसेल तर पैसे मोजून घेतलेलं एक्स्टेन्शन दोन-तीन वर्षांत बंद पडतं.

गरज किती खरी आहे, ते आधी बघू. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे. म्हणजे पैसे भरून झाले आहेत. आता कोल्हापूरच्या विद्यापीठात पीएच.डी. करणारा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. तो गडहिंग्लजला घरी आहे, रात्रीचे अकरा वाजलेत. गुगल स्कॉलरवरून तो एका लेखाच्या पानावर पोचतो. सारांश दिसतो, त्याखाली खरेदीचं बटण आणि तीस-चाळीस डॉलरचा आकडा. हाच लेख कॅम्पसमध्ये बसून उघडला असता तर थेट उघडला असता, कारण तिथे प्रकाशक आयपी पत्ता ओळखतो. घरून उघडायचा तर त्याच पानावर बारीक अक्षरात 'संस्थेमार्फत प्रवेश' अशा अर्थाचा एक दुवा असतो. तो दाबला की जगभरच्या संस्थांची यादी. त्यात आपल्या विद्यापीठाचं नाव नेमकं कोणत्या स्पेलिंगने घातलंय ते शोधायचं. सापडलं तर लॉगिनचं पान येतं. आणि हे सगळं पार पाडून कधी कधी प्रकाशक पुन्हा आपल्या मुखपृष्ठावर आणून सोडतो, लेख पुन्हा शोधायचा. बहुतेकजण यादीपाशीच हात टेकतात आणि लेख दुसऱ्या वाटेने मिळवतात. ती वाट कोणती, हे ग्रंथपालांना मी सांगायला नको.

इथे एक्स्टेन्शन खरोखर उपयोगी पडतं. लेखाच्या पानात त्याचा डीओआय क्रमांक बहुधा एका ठरावीक खुणेत दडलेला असतो. एक्स्टेन्शन तो उचलतं, आपल्याकडच्या यादीशी पडताळतं आणि पानाच्या वर एक पट्टी दाखवतं : 'हा लेख तुमच्या विद्यापीठाकडून वाचता येतो'. क्लिक केलं की थेट तुमच्या विद्यापीठाचं लॉगिन, जगभरच्या यादीत शोधाशोध नाही, आणि लॉगिननंतर थेट तोच लेख. पुस्तकांचंही तसंच. दुकानाच्या पानावरचा आयएसबीएन उचलायचा आणि तुमच्या कॅटलॉगला विचारायचं : आहे का? आहे तर कुठल्या शाखेत, जागेवर आहे की बाहेर गेलंय? ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मी इथे उगाळत नाही, ते तुम्हाला पाठ आहेत. चौथा, 'वाचकाचा वेळ वाचवा', मात्र इथे तंतोतंत लागू पडतो, एवढंच म्हणतो.

ही कल्पना नवी नाही. २००२ मध्ये जॉन युडेल या अमेरिकी तंत्रज्ञान-पत्रकाराने 'लायब्ररी लुकअप' नावाचं एक बुकमार्कलेट लिहिलं. बुकमार्कलेट म्हणजे बुकमार्कच्या जागी ठेवलेला जावास्क्रिप्टचा एक तुकडा. ॲमेझॉनवरच्या पुस्तकाच्या पत्त्यात तेव्हा दहा आकडी आयएसबीएन सरळ दिसायचा. युडेलचा तुकडा तो उचलायचा, तुमच्या गावच्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगच्या पत्त्याला जोडायचा आणि ते पान उघडायचा. संपलं. ना इन्स्टॉलेशन, ना परवानग्या, ना कंपनी. हे चाललं ते एका अटीवर : ग्रंथालयाच्या कॅटलॉगला असा पत्ता असला पाहिजे की त्यात आयएसबीएन घातला की पुस्तकाचं पान निघावं. ज्या कॅटलॉगला तो नव्हता, तिथे युडेलची युक्ती कामाची नव्हती. वीसहून अधिक वर्षं झाली, अट तीच आहे.

त्यानंतर आलं लिबएक्स. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ॲनेट बेली या ग्रंथपाल आणि गॉडमार बॅक हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक, या दोघांनी २००५ च्या सुमारास ते फायरफॉक्ससाठी सुरू केलं. ग्रंथालयांसाठीच्या एक्स्टेन्शनांत एवढा विचार करून केलेलं दुसरं काम माझ्या पाहण्यात नाही. पानावर आयएसबीएन, आयएसएसएन किंवा डीओआय दिसला की ते त्याचा आपोआप दुवा करायचं. मजकूर निवडून उजवं बटण दाबलं की तुमच्या ग्रंथालयात शोध. दुकानाच्या पानावर पुस्तकाच्या नावाशेजारी ग्रंथालयाची छोटी खूण. पण लिबएक्सची खरी करामत वेगळी होती. प्रत्येक ग्रंथालयाने आपलं वेगळं एक्स्टेन्शन लिहावं अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. त्यांनी एक 'एडिशन बिल्डर' दिला. ग्रंथपालाने वेबवरच्या अर्जात कॅटलॉगचा पत्ता, प्रॉक्सीचा पत्ता, ओपनयूआरएल रिझॉल्व्हरचा पत्ता भरायचा, लोगो चढवायचा, की त्या ग्रंथालयाची आवृत्ती तयार. कोड एकच, बदलते ती माहिती. शेकडो ग्रंथालयांनी अशा आपापल्या आवृत्त्या केल्या, आणि त्या करणाऱ्यांत प्रोग्रामर फार नव्हते. ते तुमच्यासारखे ग्रंथपाल होते.

आज लिबएक्स वापरात नाही. ते का गेलं, हे तुमच्या प्रस्तावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं आहे. वाचकांनी ते नाकारलं म्हणून ते गेलं नाही. त्याच्या पायाखालची जमीन सारखी सरकत राहिली. फायरफॉक्सची जुनी एक्स्टेन्शनं एक्सयूएल नावाच्या व्यवस्थेवर उभी होती. तिच्यात ब्राउझरच्या आतल्या जवळपास कुठल्याही भागाला हात घालता यायचा. त्या काळात ग्रंथालयांच्या संगणकांवर इंटरनेट एक्सप्लोरर असायचा, त्याचं तंत्रच निराळं, म्हणून त्याच्यासाठी वेगळी आवृत्ती. २०१० मध्ये क्रोमने आपली स्वतंत्र एक्स्टेन्शन पद्धत आणली, म्हणून तिच्यासाठी आणखी एक बांधणी, लिबएक्स २.०. ऑगस्ट २०१५ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जाहीर केलं की आम्हीही क्रोमच्या धाटणीची पद्धत स्वीकारणार, आणि १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आलं तेव्हा सगळी जुनी एक्स्टेन्शनं एका दिवसात निकामी झाली. संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरोसारख्या मोठ्या प्रकल्पाने वेळीच फायरफॉक्सच्या आतून बाहेर पडून स्वतंत्र प्रोग्रामचा रस्ता धरला आणि ब्राउझरमध्ये फक्त एक छोटा कनेक्टर ठेवला. त्यांच्याकडे त्यासाठी माणसं होती. विद्यापीठातल्या अनुदानावर, विद्यार्थ्यांच्या मदतीने चालणाऱ्या प्रकल्पाला दर चार-पाच वर्षांनी घर पाडून नव्याने बांधणं झेपत नाही.

त्यानंतरचा धक्का मॅनिफेस्ट व्ही-३ चा. क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये जुन्या नियमांवरची एक्स्टेन्शनं टप्प्याटप्प्याने बंद केली. जाहिरात रोखणाऱ्या एक्स्टेन्शनांवर काय परिणाम झाला याची चर्चा खूप झाली, ग्रंथालयांच्या एक्स्टेन्शनांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आम्हाला दोन नियम भोवले. पहिला : एक्स्टेन्शनने चालवायचा कोड बाहेरून, सर्व्हरवरून आणायचा नाही. जे काही चालेल ते पॅकेजमध्येच असलं पाहिजे, म्हणजे स्टोअरला ते तपासता येईल. नियम सुरक्षेसाठी आहे आणि योग्य आहे. पण लिबएक्स २.० ची लवचिकता याच सोयीवर उभी होती : छोटे छोटे 'लिबॲप' वेबवर ठेवायचे आणि ग्रंथालयाने हवे ते निवडायचे. ती वाट आता बंद. एक फट मात्र उघडी आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्याच फटीवर उभा आहे : कोड बाहेरून आणता येत नाही, माहिती आणता येते. कॅटलॉगचे पत्ते, नियतकालिकांची यादी, लॉगिनच्या दुव्यांचा साचा हे सगळं जेसन फाइलमध्ये, म्हणजे माहितीच्या साध्या मजकुरी फाइलमध्ये, तुमच्या सर्व्हरवर ठेवता येतं आणि एक्स्टेन्शन ते हवं तेव्हा वाचू शकतं. एडिशन बिल्डरमागचा विचार अजूनही नियमांत बसतो.

दुसरा नियम वरवर किरकोळ वाटतो. पूर्वी एक्स्टेन्शनचं एक अदृश्य पान मागे कायम चालू असायचं. आता त्याजागी सर्व्हिस वर्कर असतो, आणि तीस सेकंद काम नसलं की क्रोम त्याला झोपवतं. झोपताना तो डोक्यातलं सगळं विसरतो. त्यामुळे 'या वाचकाचं विद्यापीठ कोणतं' हे नुसत्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं असेल तर वाचक चहा घेऊन परत येईपर्यंत ते पुसलेलं असतं. पट्टी दिसत नाही, वाचकाला वाटतं एक्स्टेन्शन बिघडलं. गंमत म्हणजे प्रोग्रामरने दोष शोधायला डेव्हलपर टूल्स उघडली की क्रोम त्या वर्करला झोपूच देत नाही, म्हणजे बघायला गेलं की सगळं सुरळीत! फायरफॉक्सने व्ही-३ स्वीकारताना सर्व्हिस वर्करऐवजी वेगळी व्यवस्था ठेवली, तेव्हा तिथे हाच कोड वेगळा वागतो. सफारीसाठी २०२५ पर्यंत मॅक आणि ॲपलचं एक्सकोड लागायचं, आणि ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर अजूनही द्यावे लागतात. क्रोमच्या स्टोअरमध्ये खातं उघडायला एकदाच ५ डॉलर, फायरफॉक्सला काही नाही. 'सगळ्या ब्राउझरवर चालेल' हे प्रस्तावातलं एक वाक्य असतं, त्यामागे हे सगळं असतं. पोर्ट करणं म्हणजे फाइल कॉपी करणं नव्हे, आणि ते एकदा करून संपतही नाही. ब्राउझर बदलत राहतात, प्रकाशक पानांची रचना बदलत राहतात. प्रस्तावात देखभालीचा खर्च पहिल्या वर्षापुरताच धरला असेल, तर तो प्रस्ताव कागदावरच स्वस्त आहे.

म्हणून आता तुमच्याकडे येतो. एक्स्टेन्शनं येतील आणि जातील. त्यांच्या खालचा थर तुमचा आहे, तो पक्का करा. तो पक्का असेल तर नवा ब्राउझर आला तरी दोनशे-तीनशे ओळींचं एक्स्टेन्शन कुणीही पुन्हा लिहू शकेल. तुमच्याच संगणकशास्त्र विभागातली एम.सी.ए.ची मुलं लिहू शकतील.

त्या थरातली पहिली वीट कॅटलॉगचा टिकाऊ पत्ता. कोहा हे मुक्त ग्रंथालय-सॉफ्टवेअर वापरत असाल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण कोहाच्या ओपॅकमध्ये, म्हणजे ऑनलाइन कॅटलॉगमध्ये, पत्त्यात आयएसबीएन घालून थेट शोध करता येतो आणि प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक असतो. पण एका ओपॅकशी माझा सामना झाला, कुणाचा ते सांगत नाही, तिथे शोध घेतला की पत्त्यात एक लांबलचक तात्पुरता क्रमांक यायचा. तो पत्ता मित्राला पाठवला की त्याला 'सत्र समाप्त' असं दिसायचं. अशा कॅटलॉगवर कुठलंही एक्स्टेन्शन बांधता येत नाही. एक्स्टेन्शन सोडा, प्राध्यापकाला वाचनयादीत पुस्तकाचा दुवासुद्धा देता येत नाही. काही ठिकाणी ओपॅक कॅम्पसबाहेर उघडतच नाही. कॅटलॉग घरून दिसू नये असं त्यात गुपित काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी वीट मराठीची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण परदेशातून विकत घेतलेल्या कुठल्याही एक्स्टेन्शनला हे प्रश्न पडलेलेच नाहीत.

आयएसबीएनवर भिस्त ठेवणारी सगळी यंत्रणा मराठी पुस्तकापाशी अर्ध्यात लंगडी होते. आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झाला १९७० मध्ये. त्याआधीच्या पुस्तकांना तो असणं शक्यच नाही, आणि तुमच्या मराठी विभागाच्या कपाटांत त्याआधीचं किती आहे ते तुम्ही जाणता. नंतरच्याही कितीतरी मराठी पुस्तकांवर तो नाही. मराठी नियतकालिकांतल्या लेखांना डीओआय सहसा नसतोच. म्हणजे मराठी वाचकासाठी एक्स्टेन्शनला नावावरून शोधावं लागणार, आणि नाव देवनागरीत.

पु. ल. देशपांड्यांचं 'वाऱ्यावरची वरात' घ्या. यातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा 'ऱ' आणि त्याला जोडलेला 'य'. दुसरी, साधा 'र', हलन्त, मधे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. नोंद करणाऱ्याच्या कीबोर्डने एक तऱ्हा वापरली आणि वाचकाच्या मोबाइलने दुसरी, की 'पुस्तक उपलब्ध नाही'. पुस्तक तिसऱ्या मजल्यावर कपाटात उभं आहे, फक्त कॅटलॉगला ते माहीत नाही. 'ॲ'ची कथा याहून बिकट. त्याचं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी 'अ' वर अर्धचंद्र देऊन काम भागवायचे, कुणी मधे जोडचिन्ह घालायचं, कुणी नाही. तीन रूपं झाली, आणि युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची प्रक्रिया त्यांना एक करत नाही. म्हणजे 'ॲरिस्टॉटल' तुमच्याकडे तीन ठिकाणी विखुरलेला असू शकतो. शिवाय जुन्या नोंदींपैकी कित्येक रोमन लिपीत, त्याही कधी चिन्हांसह, कधी चिन्हांविना. त्या वेगळ्याच.

हे एक्स्टेन्शनमध्ये दुरुस्त करता येईल का? थोडंसं. पाठवण्याआधी वाचकाचा शब्द एका रूपात आणता येतो. पण तुमच्या कॅटलॉगमधली रूपंच सरमिसळ असतील तर एका टोकाची सफाई पुरत नाही. कोहात शोधासाठी आयसीयू ही युनिकोड मजकूर हाताळणारी व्यवस्था लावता येते आणि तिच्या नियमांत 'ही रूपं एकच समजा' असं सांगता येतं. तुमच्या सिस्टिम्स विभागातल्या कुणीतरी एक दुपार द्यावी एवढंच हे काम आहे. कोहा नसेल तर तुमच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराकडे लेखी मागा. आणि तोंडी होकारावर समाधान मानू नका, 'वाऱ्यावरची वरात' दोन्ही तऱ्हांनी टाइप करून त्याच्या समोर शोधून दाखवायला सांगा.

प्रोग्रामरांसाठी एक कानगोष्ट, ग्रंथपालांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. जावास्क्रिप्टमधला 'कोणताही अंक' हा संकेत फक्त रोमन आकडे ओळखतो. १९६२ असं देवनागरीत छापलेलं प्रकाशनवर्ष त्याला अंक वाटतच नाही. 'शब्दाची हद्द' हा संकेतही देवनागरीला लागू पडत नाही. त्यावर उपाय म्हणून 'कोणतंही अक्षर' हा युनिकोड संकेत वापरलात तर काने, मात्रे, वेलांट्या गळून पडतात, कारण त्या अक्षरांत नव्हे, चिन्हांच्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग एकत्र घ्यावे लागतात. इंग्रजीवर चाललेला कोड मराठीवर गप्प बसतो तो बहुधा यामुळे, आणि गप्प बसतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी वीट ती माहितीची फाइल. तिच्यात फार काही नाही : संस्थेचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, कॅटलॉगमध्ये शोधाचा पत्ता कसा बनतो, घरून लॉगिन करायचा दुवा कसा बनतो, तुमच्याकडे कोणती नियतकालिकं कोणत्या वर्षापासून वाचता येतात. ही फाइल जाहीर ठेवा, तारीख घाला, बदल झाला की बदला. यात गोपनीय काही नाही. पासवर्ड नाही, करार नाही. केंद्राच्या योजनेत येणारी नियतकालिकं आणि तुमच्या विद्यापीठाने स्वतःच्या पैशांनी घेतलेली नियतकालिकं, दोन्ही त्यात वेगवेगळी दाखवा, कारण वाचकाला 'नाही' हे उत्तरही खरं मिळालं पाहिजे. योजनेचा पहिला टप्पा सरकारी संस्थांचा आहे. तुमच्याशी संलग्न असलेल्या खासगी अनुदानित महाविद्यालयातल्या मुलीला एक्स्टेन्शनने 'वाचता येतो' असं सांगितलं आणि लॉगिनने नाकारलं, तर ती पुन्हा त्या पट्टीकडे बघणार नाही. तिच्यासाठी अनपेवॉलसारख्या सेवेला विचारता येतं. त्या लेखाची मोफत, कायदेशीर प्रत कुठल्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे का, ते डीओआयवरून कळतं. २०१७ पासून ती सेवा चालू आहे आणि वापरायला पैसे पडत नाहीत.

विकत घेण्याबद्दल थोडं. लीन लायब्ररी, लिबकी नोमॅड ही तयार एक्स्टेन्शनं चांगली चालतात, हे मान्य करायला मला कमीपणा नाही. पण लीन लायब्ररी २०१८ मध्ये सेज या प्रकाशनसंस्थेने विकत घेतलं. मी आरोप करत नाही. वाचकाच्या प्रत्येक पानाकडे बघू शकणारी जागा आपण कुणाला देतो आहोत, एवढं विचारून घ्या म्हणतो. एक्स्टेन्शन बसवताना क्रोम सांगतं, 'हे तुमची सर्व संकेतस्थळांवरची सर्व माहिती वाचू आणि बदलू शकते'. विद्यार्थी ते न वाचता 'होय' म्हणतो, कारण वर विद्यापीठाचा लोगो आहे. ज्या ग्रंथपालाने उभ्या आयुष्यात कुणाच्या खात्यावर कोणतं पुस्तक आहे हे तिसऱ्याला कळू दिलं नाही, त्याच्या नावावर हा 'होय' पडतो. या सरसकट परवानगीला फाटा देता येतो. परवानगी फक्त ठरावीक प्रकाशकांच्या पानांपुरती मागायची, किंवा वाचकाने बटण दाबल्यावर तेवढ्या एका पानापुरती. पडताळणी वाचकाच्या संगणकावरच करायची, म्हणजे तो काय वाचतोय हे सर्व्हरला कळतच नाही. यादीची फाइल संगणकावर आधीच उतरलेली असेल तरच हे जमतं. फाइलचा आग्रह मी धरतो त्याचं हे दुसरं कारण.

आणि स्टोअरवरचं खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं क्रोमचं एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. २०२० मध्ये ते मूळ लेखकाने अनोळखी मालकाला दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गुगलने ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना मालक बदलल्याचं कळलंही नव्हतं. तुमचं एक्स्टेन्शन कंत्राटदाराच्या किंवा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या खासगी जीमेलवरून चढवलेलं असेल, तर कंत्राट संपल्यावर किंवा बदली झाल्यावर त्याची किल्ली कुणाकडे राहते? खातं ग्रंथालयाच्या नावाने, पासवर्ड किमान दोन जबाबदार माणसांकडे, आणि कोड मुक्त परवान्यावर जाहीर. निविदेत या तीन अटी नसतील तर सही करू नका.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की आमची मुलं लॅपटॉपवर आहेतच कुठे? अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनं चालत नाहीत. फायरफॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्तीत डिसेंबर २०२३ पासून ती मोकळेपणाने बसवता येतात, आयफोनच्या सफारीत २०२१ पासून, पण आपल्याकडे ही दोन्ही वापरणारी मुलं थोडी. म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना तुमचं एक्स्टेन्शन दिसणारच नाही. याला उत्तर तोच खालचा थर. तुमच्याकडे टिकाऊ पत्ता आणि जाहीर फाइल असेल, तर एक्स्टेन्शनसोबत एक साधं वेबपानही करता येतं : लेखाचा दुवा किंवा डीओआय चिकटवा, उत्तर मिळवा. ते पान फोनच्या होम स्क्रीनवर ठेवता येतं. अँड्रॉइडच्या क्रोममधून ते ॲपसारखं बसवलं तर 'शेअर'च्या यादीत येण्याची सोयही त्यात घालता येते, म्हणजे लेख वाचताना शेअर दाबला की झालं. युडेलचं बुकमार्कलेटसुद्धा फोनवर थोड्या खटपटीने चालतं. एक्स्टेन्शन, वेबपान, बुकमार्कलेट ही तिन्ही एकाच फाइलची तोंडं. त्यातलं एखादं ब्राउझरवाल्यांनी उद्या मोडलं तर उरलेली दोन चालू राहतात.

माझी विनंती एवढीच आहे की तुम्ही हे एकेकट्याने करू नका. प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं एक्स्टेन्शन म्हणजे तितकीच कंत्राटं, तितकीच किल्ल्यांची जुडगी आणि तितक्याच ठिकाणी तीच चूक. फाइलचा नमुना तुम्ही सगळ्यांनी मिळून एकदा ठरवा, दोन पानांत मावेल. प्रत्येकाने आपली फाइल आपल्या संकेतस्थळावर ठेवावी. एक्स्टेन्शन सगळ्यांचं मिळून एकच असावं. ते बसवताना वाचक आपलं विद्यापीठ निवडेल, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत ते बोलेल. एक्स्टेन्शनच्या पॅकेजमध्ये भाषांसाठी वेगळा कप्पा असतोच, मराठीचाही त्यात असतो, तो भरायला कुणी परकं माणूस येणार नाही. सांभाळायला एक अर्धवेळ माणूस, पगारी, पाच वर्षांसाठी. पगार सगळ्यांनी वाटून घ्यायचा. 'विद्यार्थ्यांचा प्रकल्प' म्हणून ते कुणाच्या गळ्यात घालू नका. पहिली आवृत्ती मुलं हौसेने करतात, व्ही-३ चं व्ही-४ होतं तेव्हा ती नोकरीला लागलेली असतात.

पहिली फाइल ज्या विद्यापीठाची तयार होईल, तिच्यावर चालणारा फायरफॉक्स आणि क्रोमचा मूळ सांगाडा मी मुक्त परवान्यावर लिहून देईन, पैसे न घेता. सफारीचं बघू, तिथे तपासायला कुणाचा तरी मॅक मागावा लागेल.



आपला,
विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी, ज्याचं ग्रंथालयाचं कार्ड अजून चालू आहे